कोटलिनमध्ये व्याजाची सूत्रे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पतसंस्थांसाठी व्याज-आकारणीचे सॉफ्टवेअर लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. पैशांचा हिशेब ‘डबल’ या, संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात करणे धोक्याचे असते, कारण तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. म्हणून आम्ही जावा या प्रोग्रामिंग भाषेतील बिगडेसिमल, म्हणजे दशांश संख्या नेमकी साठवणारा प्रकार, वापरत होतो. परंतु जावा त्याला अधिक-उण्याची चिन्हे लावू देत नाही. त्यामुळे ‘मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५००’ हे शाळेतले सूत्र मुद्दल.मल्टिप्लाय(दर).मल्टिप्लाय(दिवस).डिव्हाइड(…) अशा साखळीत उतरते. आठ महिन्यांपूर्वी आम्ही हा भाग कोटलिन या, जावाबरोबर चालणाऱ्या भाषेत आणला. तिथे त्याच बिगडेसिमलला नेहमीची चिन्हे चालतात.

फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. थकीत हप्त्यावरील व्याजाची एक जुनी ओळ थकीत.मल्टिप्लाय(व्याजदर).ऍड(दंडदर) अशी होती. चिन्हांत लिहिताच ती ‘थकीत * व्याजदर + दंडदर’ झाली आणि कंस राहून गेल्याचे क्षणात कळले. दंडाचे २ टक्के दरात मिळवायचे होते. ते गुणाकारात नुसते २ म्हणून मिळत होते आणि पुढे ३६५०० ने भागल्यावर नाहीसे होत होते. ही ओळ मी स्वतः दोनदा रिव्ह्यूमध्ये वाचून पुढे पाठवली होती. साखळी वाचताना नजर शब्दांवरून घसरते, सूत्र वाचताना ती कंस शोधते, हे मला तेव्हा पटले.

मात्र भागाकाराच्या चिन्हाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. कोटलिनमधील भागाकाराची तिरकी रेघ (/) उत्तरात तेवढीच दशांश स्थळे ठेवते जेवढी भाज्यात असतात, आणि उरलेला भाग न सांगता जवळच्या अंकापर्यंत, अगदी मध्यावर असेल तर सम अंकाकडे, वळवते (म्हणजे राउंडिंग करते). १,००,००० रुपये, ९.५० टक्के, ४५ दिवस हे उदाहरण घ्या. ‘मुद्दल * दर * दिवस / ३६५००’ याचे उत्तर १,१७१.२३ असे बरोबर येते. पण कोणी ‘मुद्दल * (दर / ३६५००) * दिवस’ असे लिहिले, जे गणिताच्या दृष्टीने तेच आहे, तर कंसातला भागाकार ०.०० होतो आणि व्याज शून्य येते. जावातील साधा डिव्हाइड १ ला ३ ने भागायला सांगितले की निदान एरर देऊन थांबतो. इथे मुकाट्याने ० मिळतो.

यावर उपाय म्हणून आम्ही भागाकारासाठी स्वतःचे मध्यस्थ फंक्शन केले, म्हणजे दोन संख्यांच्या मध्ये नाव लिहून वापरायचे. त्यातही एक खोच निघाली: कोटलिनमध्ये अशा नावाचा अग्रक्रम बेरजेच्याही खाली असतो, म्हणून ‘अ + ब भागिले क’ यात आधी बेरीज होते. ते आम्ही काढून टाकले. आता नियम असा आहे की बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चिन्हांनी लिहायचे. भागाकार मात्र शेवटी, एकदाच, दशांश स्थळे आणि राउंडिंगची पद्धत स्पष्ट लिहून डिव्हाइडने करायचा. ओळ थोडी लांबते, पण रकमेचे राउंडिंग कुठे होते ते वाचणाऱ्याला दिसते.

तुलनेबाबतही सांभाळावे. दुहेरी बरोबर चिन्हाने (==) २.० आणि २.०० वेगळे ठरतात, म्हणून शिल्लक शून्य झाली का हे आम्ही फक्त किंमत ताडून पाहणाऱ्या कम्पेअरटू या फंक्शननेच तपासतो.