अंगणातल्या पडद्यावर कोणता ऑप्टिमस: 1984 चा की 2007 चा?

मे महिन्यात विदर्भातल्या खेड्यात साडेसातशिवाय पडद्यावर नीट दिसत नाही. ऑप्टिमस म्हणजे ट्रकचा रोबो होणारा हिरो; त्याचा 2007 चा सिनेमा 'ट्रान्सफॉर्मर्स' जवळपास अडीच तासांचा. मधात लाइन गेली की खेळ खल्लास. त्याच नावाच्या 1984 च्या कार्टूनचा एक भाग बाविसेक मिनिटांत आटोपतो.

दहा फूट रुंद चादरीवर कार्टून साडेसात फूट उंच येतं, सिनेमाचं चित्र आडवं पसरट, म्हणून जेमतेम सव्वाचार. मागच्या बाजेवरच्या पोट्ट्यांना काय दिसणार? त्यात स्वस्त प्रोजेक्टरवर राखाडी लोखंडाच्या मारामारीचा नुसता चिखल होतो. कार्टूनचे सपाट लाल-निळे रंग खांबावरच्या दिव्यातही उठून दिसतात.

सिनेमाची खरी मजा ट्रकचा रोबो होताना: एकेक पत्रा, चाक, सांधा सरकतो. तेवढ्यासाठी तो खोलीतल्या टीव्हीवरच लावा, अन् टीव्हीच्या आवाजाची सेटिंग 'स्टीरिओ'वर ठेवा. नाहीतर स्फोटांत संवाद दबतात. इंग्रजीत ऑप्टिमसचा आवाज मात्र दोन्हीकडे पीटर कलनचाच.