गव्हाच्या बिअरसाठी हॅलरटाऊऐवजी कोणते हॉप्स? नऊ महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात हॅलरटाऊचं, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप्सच्या बोंडांच्या एका जर्मन वाणाचं, पाऊच फोडलं आणि स्वयंपाकघरभर जुनाट चीजचा वास पसरला. पेलेट (दळून दाबलेल्या हॉप्सच्या गोळ्या) हिरव्याऐवजी तपकिरी पडलेल्या, बोटांत चुरल्या तर नुसती भुकटी. त्याच सकाळी अडीच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडून ठेवलं होतं, निम्मा गहू, निम्मी बार्ली. भरडलेलं माल्ट नाशिकच्या मेमध्ये नवीन पाऊच येईपर्यंत आठवडाभर ठेवायची माझी तयारी नव्हती. पर्यायी हॉप्सचा हा सगळा शोध त्या दुपारी सुरू झाला, आणि जानेवारीअखेर अकरा बॅच झाल्यावर हे लिहितो आहे.

आधी विक्रेत्याचं सांगतो, कारण तो राग अजून गेलेला नाही. फोटो पाठवले, तर उत्तर आलं की एक्सपायरीला दीड वर्ष बाकी आहे. वासाचं सांगितलं, तर म्हणे बेल्जियममध्ये जुने हॉप्स मुद्दाम वापरतात. वापरतात, पण लॅम्बिक या आंबट बेल्जियन बिअरसाठी. तिथे हॉप्सचा सुगंध आणि कडवटपणा नकोच असतो, फक्त टिकवण्याचा गुण हवा असतो. माझ्या दहा लिटर साध्या हेफेवायझेनला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, त्याचा काय उपयोग? तीन आठवडे मेल चालल्या आणि शेवटी निम्मे पैसे कूपनच्या रूपात मिळाले.

माझी खरी तक्रार पाऊचवरच्या लेबलची आहे. जर्मनीत हॉप्सचं पीक वर्षातून एकदाच निघतं, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. म्हणजे पिकाचं साल हा एकच आकडा छापायचा असतो. पण आपल्याकडे मोठी पिशवी फोडून पन्नास-पन्नास ग्रॅमची पाऊच भरतात आणि त्यावर टाकतात ती पॅकिंगची तारीख. तीन वर्षांपूर्वीचं पीक गेल्या महिन्यात पाऊचमध्ये भरलं, तरी ते कागदावर ताजंच. आणि अल्फा अ‍ॅसिडचा, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाचा, टक्का? माझ्या पाऊचवर छापलं होतं ‘३ ते ५.५’. हा त्या वाणाचा पल्ला झाला, माझ्या हातातल्या मालाचा आकडा नव्हे. तीन धरला तर एक वजन येतं, साडेपाच धरला तर जवळपास निम्मं. मग वजनकाटा घेऊन करायचं काय?

त्या दुपारी गंगापूर रोडवरच्या मित्राकडून कॅस्केड हे अमेरिकन वाण आणलं आणि चूक केली. पाककृतीत हॅलरटाऊ साडेबारा ग्रॅम होतं, मी कॅस्केडही साडेबारा ग्रॅमच टाकलं. वजनाला वजन. हिशेब नंतर मांडला. दहा लिटरला १२ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) हवे असतील आणि तासभराच्या उकळीत साधारण २४ टक्के अल्फा अ‍ॅसिड उतरतं असं धरलं, तर एकूण अर्धा ग्रॅम अल्फा अ‍ॅसिड लागतं. चार टक्क्यांच्या हॅलरटाऊतून ते मिळवायला साडेबारा ग्रॅम लागतात, सहा टक्क्यांच्या कॅस्केडमधून सव्वाआठ. मी टाकलेल्या वजनाने आकडा गेला अठरावर. हेफेवायझेनची मर्यादा आठ ते पंधरा. शिवाय कॅस्केडचा ग्रेपफ्रूटसारखा वास आणि गव्हाच्या यीस्टमधून येणारा केळं-लवंगेचा वास एका ग्लासात भांडत राहिले. मेहुणा दोन घोट घेऊन थांबला. तो सहसा थांबत नाही.

त्याच कॅस्केडची दुसरी बॅच मी यूएस-०५ यीस्टवर लावली, तीही गव्हाचीच, पण अमेरिकन पद्धतीची. ती सुरेख झाली. तेव्हा कॅस्केडला नावं ठेवणार नाही, हेफेवायझेनच्या यीस्टबरोबर मात्र ते पुन्हा वापरणार नाही.

मग मॅग्नम घेतलं. हेही जर्मनच, हॅलरटाऊ भागातल्याच ह्यूल इथल्या संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण. माझ्या पाऊचचा अल्फा साडेबारा टक्के, म्हणजे दहा लिटरला फक्त चार ग्रॅम. पन्नास ग्रॅमचं पाऊच बारा बॅचना पुरतं, हॅलरटाऊचं चार बॅचमध्ये संपतं, आणि दोन्ही पाऊचची किंमत मला जवळपास सारखीच पडली. कडवटपणा स्वच्छ, वास जवळजवळ नाहीच. जुलैत मी इथेच लिहून ठेवलं होतं: मॅग्नम घ्या आणि विषय संपवा, हेफेवायझेनमध्ये चव यीस्टची असते, हॉप्स फक्त गोडवा तोलायला. ते वाक्य खोडत नाही, पण पुढे त्यात बदल करावा लागला, तो खाली येईल.

मॅग्नमची एक अडचण. आमचा स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमनेच दाखवतो. चार ग्रॅममध्ये एक ग्रॅम इकडे-तिकडे झाला की आयबीयू नऊ किंवा पंधरा. मग सराफ बाजारातून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणला. नऊ महिन्यांत केलेल्या खर्चात सगळ्यात कारणी लागलेला खर्च हाच. हॉप्सचं नाव बदलण्याआधी काटा बदला, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

ऑगस्टमध्ये एक प्रयोग केला. हॉप्स नकोतच, कडू तर आपल्याकडे भरपूर आहे, असा विचार. रविवार कारंजाजवळून काडेचिराईत आणलं. एकाच घाण्यातलं वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) दोन पातेल्यांत पाच-पाच लिटर घेतलं, एकात मॅग्नम, दुसऱ्यात चिराईत. फ्रीजमध्ये आधीची बॅच होती म्हणून दोन्ही फर्मेंटर (बिअर आंबवायची भांडी) ओल्या पोत्यात गुंडाळून घरातच ठेवले. भांडी धुण्याची, निर्जंतुक करण्याची पद्धत तीच. नवव्या दिवशी चिराईतवालं आंबट झालं होतं, वर पातळ पांढरी साय. मॅग्नमवालं शाबूत. शिवाय चिराईताचा कडवटपणा जिभेवर येतच नाही, घोट गिळल्यावर घशात येतो आणि तिथेच बसतो. हॉप्स उकळल्यावर जी आम्लं तयार होतात ती लॅक्टिक जिवाणूंना अडवतात, हे वाचलेलं होतं. पाच लिटर मोरीत ओतताना ते नीट कळलं. एका प्रयोगावर सिद्धांत मांडणार नाही, पण पुन्हा करणारही नाही. धने आणि संत्र्याची साल घालणारी बेल्जियन वीटबिअर वेगळी. तिच्यातही हॉप्स असतातच.

इथे सगळे विचारतात, द्राक्षांचा जिल्हा आपला, मांडव आपल्याकडे तयार, मग हॉप्सचा वेल का नाही लावत? वेल येईल, बोंडांचं कठीण आहे. हॉप्सला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती. नाशिक वीस अक्षांशावर, आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. बव्हेरियात तो सोळा तासांचा. निफाडची थंडी कितीही गाजली तरी दिवस काही लांबत नाही. भारतात हॉप्स पिकले ते हिमाचलात, लाहौलमध्ये. तेव्हा आपल्याला पाऊचवरच अवलंबून राहावं लागणार, आणि म्हणूनच त्या लेबलचा मला इतका राग.

आता बदललेलं मत. डिसेंबरात पुण्याच्या एका छोट्या विक्रेत्याकडून ताजं टेटनांग, हेही जर्मन वाण, मिळालं. पाऊच उघडताच ओल्या गवताचा आणि फुलांचा मंद वास. पुन्हा तोच खेळ: एकच वर्ट, पाच लिटर मॅग्नमवर, पाच टेटनांगवर, कडवटपणा सारखा, गव्हाच्या बिअरचं डब्ल्यूबी-०६ यीस्ट, १८ अंश. दोन आठवड्यांनी ग्लासांखाली चिठ्ठ्या लावून घरच्या पाच जणांना दिलं. चौघांनी टेटनांग उचललं. मलाही फरक कळला: मॅग्नमची बिअर चांगलीच होती, पण लवंगेचा वास ओसरला की मागे काही उरत नव्हतं. टेटनांगमध्ये शेवटी एक हिरवी, किंचित मसालेदार छटा राहत होती. जुलैत मी ‘चव यीस्टची’ म्हणालो तेव्हा माझ्याकडे तुलना करायला ताजे हॉप्सच नव्हते. शिळ्या हॅलरटाऊपेक्षा मॅग्नम चांगलं, एवढंच मी तोवर पाहिलं होतं.

म्हणून सध्याची पद्धत अशी: मॅग्नम तीन ग्रॅम तासभर, आणि उकळ संपायला दहा मिनिटं असताना टेटनांग सहा ग्रॅम. मिळून अकराच्या आसपास आयबीयू होतात. टेटनांगचं पाऊच आठ बॅचना पुरतं, मॅग्नमचं सोळाला. पैशांचंही जमलं, वासाचंही. टेटनांग नसेल तर साझ किंवा हर्सब्रुकर चालावं. पर्ल मी एकदा वापरलं, सात टक्के अल्फा, तासभरासाठी सात ग्रॅम, काही तक्रार नाही. लिबर्टी, माउंट हूड ही तर हॅलरटाऊपासूनच अमेरिकेत तयार केलेली वाणं, नात्याने सगळ्यात जवळची, पण मला इथे एकदाच दिसली आणि तीही ‘स्टॉक संपला’ या पाटीसकट.

उघडलेलं पाऊच हवा दाबून काढून, चिकटपट्टीने बंद करून, झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्याकडे पहिल्यांदा नुसतं रबर लावून ठेवलं होतं, तर मटारला आणि खवलेल्या नारळाला हॉप्सचा वास लागला आणि आईने सगळं बाहेर काढलं. आता स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतं.

जुन्या विक्रेत्याचं कूपन तसंच पडून आहे. पुण्याचा विक्रेता महाग आहे, कुरिअरही वेगळं लावतो, तरी मी त्याच्याकडूनच घेतो. त्याच्या पाऊचवर छापील लेबल नसतं. पांढऱ्या पट्टीवर पेनाने लिहिलेलं असतं: टेटनांग, अल्फा ३.८, आणि खाली पिकाचं साल.