गोव्यात राहून गोव्यातच फसलो: दिवाडीच्या घराची गोष्ट

पैसे माझे गेले नाहीत, मामेभावाचे गेले. पण ‘माणूस चांगला वाटतोय, भर पैसे’ असं त्याला सांगणारा मी होतो. तेव्हा हे लिहिणं माझ्याकडेच आलं.

मी डिचोलीचा. मामेभाऊ सांगलीचा. दिवाळीच्या सुट्टीत तो, वहिनी, दोन मुलं आणि मामी गोव्याला यायचं ठरवत होते. कळंगुट, बागा त्यांनी आधी पाहिलेलं, तिथली गर्दी आता नको होती. वहिनी फोनवर म्हणाली, “भाऊजी, एखादं शांत बेट बघा. झाडी, पाणी, पक्षी. दिवसाला चार-चार ठिकाणं उरकायची नाहीत यावेळी.” मी म्हटलं, घरीच या की. पण आमच्या दोन खोल्या, त्यात आई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. वहिनीला हे ठाऊक. ती म्हणाली, जेवायला येतो एक दिवस, राहायला नको.

गोव्यात शांत बेट म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दिवाडी आणि चोडण येतात. बाहेरचा माणूस ‘बेट’ ऐकतो आणि लगेच पांढरी वाळू मनात आणतो. ही दोन्ही बेटं मांडवीच्या पात्रातली. समुद्र नाही, किनारा नाही. दिवाडीवर खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली भातशेती, खारफुटी, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, आणि दिवेलागणीनंतर कुत्र्यांच्या भुंकण्याखेरीज आवाज नाही. बेटाला पूल नाही. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा आमच्या बाजूच्या नार्व्याहून फेरीबोटीने जायचं. पूल नाही म्हणूनच ती शांतता टिकली आहे, असं माझं मत. तिथे राहणाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल तर तो वेगळं बोलेल, तेही खरं.

बेत असा ठरला: चार रात्री दिवाडीवर, त्यातली एक सकाळ चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात, आणि समुद्राची हौस फिटावी म्हणून एक दिवस खाली काणकोणात, गालजीबागेच्या किनाऱ्यावर, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. जमलंच तर जवळच खोतीगावचं जंगल.

मग भावाने मोबाइलवर दिसलेली एक जाहिरात मला पाठवली. दिवाडीवरचं जुनं घर, जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. रात्रीचे ३,२०० रुपये. खाली भावाने लिहिलं होतं, ‘तू तिथला. जरा बोलून बघ.’

बोललो. पाऊण तास बोललो.

त्याने जे नाव सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते त्याचं नसणारच आणि दुसऱ्या कुणाचं तरी असेल. मराठी आमच्यासारखंच, मधूनच कोंकणीवर घसरणारं. मी गोवेकर असल्याचं सांगितलं नाही. म्हटलं, जरा पारखून घेऊ. विचारलं, यायचं कसं? म्हणाला, “जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सुट्टीत गाड्यांची रांग लागते. तुम्ही सांगलीचे ना? आंबोली उतरून दोडामार्गावरून डिचोलीला या आणि नार्व्याची फेरी धरा. वाटेत सप्तकोटेश्वराचं दर्शन होईल.” मी म्हटलं, ते देऊळ काय आहे? त्याने सांगितलं की मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, कदंब राजांचं कुलदैवत. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. सगळं बरोबर. शाळेची सहल दरवर्षी तिथे नेणाऱ्या गुरुजींनी आम्हाला हेच सांगितलेलं. पुढे दिवाडीच्या बोंदेरा उत्सवाचं निघालं. ऑगस्टचा चौथा शनिवार, दोन वाड्यांच्या हद्दीच्या जुन्या भांडणातले झेंडे, हेही त्याने न अडखळता सांगितलं.

आणि मग ते वाक्य. “एक सांगतो, बीच नाही हां इथे. आधीच सांगतो, मागाहून रागावू नका. नदी आहे. मुलांना पाण्यात उतरवू नका, कुंभारजुव्याच्या बाजूला मगरी आहेत.”

इथे मी पडलो. स्वतःच्या मालाचं उणं स्वतः सांगणारा माणूस लबाड कसा असेल? बाजारात मासळीवालीने ‘आज बांगडा घेऊ नका, कालचा आहे’ म्हटलं की आपण पुढे वर्षभर तिच्याकडेच जातो. तसंच झालं. वर तो म्हणाला, “दिवाळीला येताय तर आईच्या हातचे रोसातले फोव खायला घालतो.” रोसातले पोहे म्हणजे नारळाचा रस आणि गूळ. माझी आई अंथरुणाला असल्याने आमच्याकडे त्या वर्षी ते होणार नव्हते. माणसाचं मन कुठे ओलं असतं ते सांगता येत नाही.

मी भावाला फोन केला. भर म्हटलं.

चार रात्रींचे १२,८०० रुपये, त्यातले निम्मे, ६,४०० आगाऊ. पैसे भरताना पडद्यावर वेगळंच नाव आलं. भावाने विचारलं तर उत्तर मिळालं, “काकांचं खातं आहे, घर त्यांच्या नावावर.” भावाला पटलं. मला विचारलं असतं तर मलाही पटलं असतं, खोटं कशाला बोलू. गोव्यात जुनी घरं दहा वारसांच्या नावावर असतातच.

चार दिवसांनी ५,००० मागितले. घरात जुनं लाकडी सामान आहे, मोडतोडीची अनामत, जाताना परत. त्यानंतर १,८०० मागितले, फेरीबोटीवर गाडीची जागा राखून ठेवायला आणि अभयारण्याच्या पासासाठी. हे मात्र मला कळलं असतं तर मी तिथेच फोन आपटला असता. फेरीबोटीवर कुणी जागा राखत नाही. धक्क्यावर जायचं, रांगेत गाडी लावायची, गाडीचे किरकोळ पैसे तिथेच द्यायचे. पायी माणसाला तर तिकीटच नाही. अभयारण्याचं तिकीटही जागेवर मिळतं. पण भावाने मला सांगितलं नाही. ‘तुझ्या ओळखीचाच झाला होता ना तो,’ असं नंतर म्हणाला. माझ्या एका फोनने त्याची शंका घ्यायची सवयच बंद पडली होती. हा भाग मला पैशांपेक्षा जास्त लागला.

त्याने पर्यटन खात्याच्या नोंदणीचा दाखलाही पाठवला होता. गोव्यात १९८२ च्या कायद्यानुसार हॉटेल असो की गेस्ट हाऊस, पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. भावाने दाखला मला पुढे पाठवला, मी तो उघडून मोठा करून पाहिलाच नाही. नंतर पाहिला. गाव दिवाडी आणि तालुका सासष्टी! दिवाडी तिसवाडीत, सासष्टी कुठे खाली मडगावकडे. डिचोलीच्या चौथीतल्या पोरानेही ही चूक पकडली असती. दुसऱ्या कुणाच्या तरी दाखल्यावर गावाचं नाव बदलून चिकटवलेलं, तालुका बदलायचा राहिला.

ते आले त्या दिवशी मी स्कूटर घेऊन नार्व्याच्या धक्क्यावर थांबलो. बरोबर बायकोने दिलेला पोह्यांचा डबा. फेरी हलली तशी मामीने गाडीतून उतरून कठड्याला हात लावला आणि पाण्यावरून घिरट्या घालणारी घार पोरांना दाखवली. पंधरा मिनिटं आम्ही फार सुखात होतो.

त्याने पाठवलेल्या नकाशावरच्या खुणेपाशी पोचलो तर पुढे रस्ताच नाही. खाजनाचा बांध, दोन्हीकडे कापणीला आलेलं भात, टोकाला पाणी आत-बाहेर सोडायची मानस. घर दूरवर कुठेच नाही. बांधावर एक शेतकरी होता, त्याला विचारायला मी उतरलो. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “घर? हांगा? हें शेत न्हय रे!” मी त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्याने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं आणि हे आमच्याकडलं नव्हे म्हणाला. त्याच्या मते खिडक्या आणि कौलं दिवाडीची वाटत होती, पण मागचा डोंगर नाही.

एवढ्यात इकडे गाडीत दुसरं नाटक चालू होतं. भावाने त्याला फोन लावला होता आणि त्याने चक्क उचलला. मला वाटायचं, ठक पैसे घेतले की गायब होतो. हा झाला नाही, कारण त्याचं काम अर्धंच झालं होतं. तो भावाला म्हणाला, “सकाळी पाइप फुटला, घरात पाणी नाही, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. तुमचे १३,२०० आत्ता परत करतो. कोड पाठवतो, स्कॅन करा, पिन घाला, लगेच जमा होतील.” गाडीत पोरं भुकेजलेली, मामी घामाघूम. भावाने स्कॅन केलं, पिन घातला.

मी बांधावरून परत येईपर्यंत मेसेज आला होता. १३,२०० वजा. आधीचे १३,२०० गेलेच होते. एकूण २६,४००.

हे सगळ्यांना माहीत असतं म्हणतात, तरी पुन्हा लिहितो: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन घातला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून निघाले. माझा भाऊ अडाणी नाही, पतसंस्थेत हिशेब बघतो. त्याला हे ठाऊक होतं. पण उन्हात, अनोळखी बेटावर, पैसे परत मिळतायत या आनंदात ठाऊक असलेलं आठवत नाही.

एक गोष्ट आम्ही बरी केली. बांधावरच उभं राहून १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा क्रमांक. जितक्या लवकर लावाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे अडकण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, कुठल्या खात्याला गेले, हे हातात ठेवा. आम्हाला ते शोधण्यात दहा मिनिटं गेली आणि ती महागात पडली असणार. संध्याकाळी राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार भरली. शेवटच्या १३,२०० पैकी ७,००० पुढच्या खात्यात अडकले. ते भावाला अजून मिळालेले नाहीत. आधीच्या पैशांचा मागच नाही.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, घरमालकाला इतिहास विचारू नका. सप्तकोटेश्वर, बोंदेरा, कदंब, हे कुणालाही दोन संध्याकाळी वाचून पाठ करता येतं. त्याला घराच्या दारात उभं राहून व्हिडिओ कॉल करायला सांगा, आणि तोही तुम्ही म्हणाल त्या क्षणी. ‘उद्या करतो’ म्हणाला तर सोडून द्या. दाखला आला तर मोठा करून गाव-तालुका जुळतो का बघा आणि पर्यटन खात्याकडे नोंदणी क्रमांक विचारा. ज्याच्याशी बोलताय त्याचं नाव आणि पैसे भरताना दिसणारं नाव वेगळं असेल तर काका, मामा, भागीदार काहीही ऐकू नका. आणि गावात एखादी ओळख काढा. दिवाडीसारख्या ठिकाणी सकाळी सायकलवरून पाव घेऊन फिरणाऱ्या पोदेराला फोटो दाखवला असता तरी दोन मिनिटांत निकाल लागला असता. मी डिचोलीत बसून, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, तेवढंही केलं नाही. फेरी ओलांडून एकदा बघून यायचं होतं, बस.

जाता जाता, स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांसाठी: गोव्यात भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर ती खासगी, पोलिसांनी अडवलं तर तुम्ही अडकलात.

ते पाचही जण शेवटी आमच्याच दोन खोल्यांत राहिले. सतरंज्या टाकून. चोडणला एक सकाळ गेलो, खारफुटीतून बगळे आणि खंड्या बघितले, पण वहिनी फारशी बोलली नाही. गालजीबाग राहिलं.

महिन्याभराने मी बायकोच्या मोबाइलवरून तो नंबर लावला. पोलिसांना द्यायला काही हाती लागेल असं वाटलं. बंद असेल अशी खात्री होती. दुसऱ्या घंटीला उचलला. मी म्हटलं, नाताळात दिवाडीला यायचंय, चार माणसं. तोच आवाज, तीच आपुलकी.

“या की, या. एकच गोष्ट, बीच नाही हां इथे. आधीच सांगतो.”