पिकादोसाठी ‘आधी टेक, मग आघात’: काही महिन्यांच्या रियाझानंतर

पाको दे लुसिया किंवा साबिकास या फ्लेमेंको (स्पेनमधली संगीतशैली) गिटारवादकांचा पिकादो, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाने आळीपाळीने वाजवलेला जलद सुरांचा तुकडा, ऐकला की बहुतेक जण मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या यंत्राचा) आकडा वाढवत सुटतात. काही महिन्यांनी वाजते तेच धूसर, फक्त जास्त जलद. ‘आधी टेक, मग आघात’ ही पद्धत उलट्या टोकाकडून, संथ लयीत बोट आधी तारेवर टेकवून सुरू होते, आणि उजव्या हाताच्या सुरांच्या स्वच्छतेपुरती तरी ती पूर्ण खरी ठरली.

लय 60, म्हणजे मिनिटाला 60 ठोके. पहिली, म्हणजे सर्वांत पातळ तार उघडी. तर्जनीने आपोयांदो आघात करायचा, म्हणजे बोट तार ओलांडून शेजारच्या दुसऱ्या तारेवर विसावते. अर्धा ठोका झाला की मधले बोट पहिल्या तारेवर नेऊन ठेवायचे. सूर तिथेच तुटतो. पुढच्या ठोक्याला ते बोट वाजते आणि तर्जनी टेकते. सूर जितका वेळ, शांतता तितकाच वेळ. एकपट नीट झाली की दुगुन (ठोक्याला दोन सूर), मग चौगुन (चार सूर). हालचाल बोटाच्या मुळाच्या सांध्यातून हवी. टोकाचा सांधा फार आकडला की बोट तारेत अडकते. अंगठा सहाव्या तारेवर हलकेच ठेवावा, दाबून नव्हे.

हे लागू पडते याचे कारण साधे आहे. आधीच्या सुराने थरथरणाऱ्या तारेला नख थेट लागले की ‘चिर्र’ असा आवाज येतो. बोट आधी टेकले तर मांस प्रथम लागते, थरथर शमते, मग नख सुटते. वेगात ही टेक ऐकू येत नाही, पण बोटाला क्रम लक्षात राहिलेला असतो.

खरी परीक्षा तार बदलताना होते. तर्जनी अंगठ्याच्या, म्हणजे जाड तारांच्या बाजूला असते. त्यामुळे तिसऱ्या तारेवर तर्जनी आणि लगेच दुसरीवर मधले बोट, हे सोपे. मधल्या बोटाने तिसरी आणि तर्जनीने दुसरी, इथे बोटे एकमेकांवरून जातात आणि दुसरा सूर हमखास कमकुवत पडतो. दर तारेवर तीन सूर घेतले तर सोपे आणि अवघड ओलांडणे आळीपाळीने येते, म्हणून रियाझाला तेच घ्यावे. दोन किंवा चार सूर घेतले तर पट्टी (सुरांची ओळ, स्केल) कोणत्या बोटाने सुरू केली यावर सगळे अवलंबून: पातळ तारांकडे जाताना मधल्या बोटाने सुरुवात केली तर प्रत्येक ओलांडणे सोपे. जाड तारांकडे परतताना वेगळीच गोची आहे. आघात करून बोट पुढच्या तारेवर आधीच पोचलेले असते, आणि तेच बोट दुसऱ्यांदा वाजवून मोकळे होते. हे कानाला पटकन कळत नाही. फोनवर चित्रित करून अर्ध्या वेगाने पाहावे. तार बदलताना बोट लांबवू नये, कोपरापासून हात सरकवावा.

वेगासाठी झटके घ्यायचे: लय 80, एक ठोका दुगुन, पुढचा चौगुन, आणि त्यानंतरच्या ठोक्यावर एका सुराने थांबायचे. चौगुनीपासून मोजले तर पाच सूर. ते निवांत जमले की चौगुनीचे दोन ठोके, म्हणजे नऊ. मनगट आवळले तर लय दहाने खाली.

तोटेही सांगायला हवेत. फक्त हाच रियाझ केला तर वाजवणे तुटक होते, फाल्सेता (फ्लेमेंकोतला गिटारीचा सुरेल तुकडा) ठोकळ्यासारखी ऐकू येते. म्हणून तोच तुकडा लगेच, तितकाच वेळ, टेक न घेता सलग वाजवावा. रासगेआदोला (बोटे बाहेर फेकत सगळ्या तारा छेडण्याला) याचा उपयोग शून्य, कारण तिथे बोटे बाहेर उघडणारे स्नायू काम करतात. सतारीवरून आलेल्यांना पहिले आठवडे जड जातात. मिजराबीच्या (तर्जनीत घालायच्या तारेच्या नखीच्या) सवयीने तर्जनी बाहेरही वाजवू पाहते. आणखी एक गोष्ट: अनेकदा उजव्या हातावर विनाकारण आळ येतो. उघड्या तारांवर स्वच्छ आणि पट्टीत धूसर असेल, तर डावे बोट उशिरा पोचते आहे.

वाद्याचा वाटा आहेच. फ्लेमेंको गिटारीत ब्रिजपाशी (तारा जिथे लाकडाला बांधतात तिथे) तारा लाकडापासून साधारण 8 मिमी उंच असतात, पाश्चात्त्य क्लासिकल गिटारीत 10 ते 12. म्हणून क्लासिकल गिटारीवर हाताचा कोन वेगळा बसतो. पद्धत तिथेही चालते, पण फ्लेमेंकोचा करकरीत आवाज येत नाही. हात साउंडहोल (गिटारीचे गोल भोक) आणि ब्रिज यांच्या मध्ये ठेवावा. ब्रिजकडे तार ताठ लागते, बोट कमी बुडते, आवाज सुटसुटीत येतो.

नख बोटाच्या टोकापुढे मिलिमीटरभर पुरे. 600 च्या पॉलिश पेपरने आकार, 2000 ने कड गुळगुळीत. कड खरखरीत असेल तर टेक घेताना धातूची तार गुंडाळलेल्या जाड तारांवर घासल्याचा आवाज येतो, आणि तो लयीने किंवा रियाझाने जात नाही. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात नखे मऊ पडतात आणि गिटारीचे पातळ लाकूड फुगून तारा वर येतात. त्या महिन्यांत गिटार सिलिका जेलच्या पुड्या टाकून केसमध्येच ठेवावी आणि लय वाढवण्याच्या फंदात पडू नये.