फियाटच्या ‘कंपनी पॅक’ लॉटपायी माझे ६१,६४० रुपये गेले, ते असे

दीड महिना हे कोणाला सांगितलं नव्हतं. घरात बायकोला आणि आमच्या गाडीच्या मिस्त्रींना तेवढं माहीत होतं. आधी लाज वाटत होती, आता लाजेपेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहितोय. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, कारण हा माणूस अजून धंद्यात आहे.

आमची गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, घरात मात्र सगळे फियाटच म्हणतात. वडिलांनी घेतलेली. रोज चालवत नाही, रविवारी आणि सणासुदीला बाहेर काढतो. येत्या ऑगस्टमध्ये तिची पुनर्नोंदणी आहे. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी तपासणीत उभी राहायला हवी. ब्रेक, दिवे, धूर, सगळं ठीक लागतं. म्हणजे पार्ट हाताशी हवेत.

ते मिळत का नाहीत, हे फियाटवाल्यांना सांगायला नको. कुर्ल्याचा कारखाना बंद झाला तरी इतकी वर्षं पार्ट मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, फोटो काढले. मला त्या दिवशी एकच गोष्ट दिसत होती: आता ब्रेकचे व्हील सिलिंडर कोण बनवणार? टॅक्सीवाला महिन्याला पार्ट नेतो, माझ्यासारखा वर्षातून एकदा. माझ्यासाठी कोणी पार्टचा डाय, म्हणजे साचा, ठेवत नाही. गेल्या वर्षी डिस्ट्रिब्युटरची साधी कॅप तडकली, तर गाडी अडीच महिने पत्र्याखाली उभी होती. तेव्हाच ठरवलं, की मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचं.

हे सगळं सांगतोय कारण “एवढे पैसे कशाला पाठवले?” असं विचारणारे खूप भेटतील. गरज होती म्हणून पाठवले. हाव सुटली म्हणून नाही.

नोव्हेंबरमध्ये ओळखीतून ओळख निघत त्या माणसाचा नंबर आला. बोलणं अस्खलित मराठी, दुकान कर्नाटकात असं त्याने सांगितलं. वडिलांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, ते आता आजारी, गाळा रिकामा करायचाय, फियाटचा डेड स्टॉक तसाच पडून आहे. मला ‘काका’ म्हणायचा. फोनवर घाई नाही, गळेपडूपणा नाही. पहिल्यांदा मी वॉटर पंपाचा किट मागवला, १,८५० रुपयांचा. पाचव्या दिवशी आला. मिस्त्रींनी हातात घेऊन फिरवून बघितला, म्हणाले, “माल चांगला आहे, अजून असेल तर सोडू नका.” तो किट आजही माझ्याकडे आहे, आणि आजही चांगलाच आहे. त्या १,८५० रुपयांत त्याने माझा विश्वास विकत घेतला. पहिला छोटा व्यवहार नीट झाला म्हणजे माणूस नीट, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. तो छोटा व्यवहार त्याच्या भांडवलात धरलेला असतो.

मग लॉटची बोलणी. पिस्टन सेट, हेड गॅस्केट सहा, क्लच प्लेट दोन, प्रेशर प्लेट एक, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, क्राउन-पिनियनचा जोड, मागच्या दिव्यांच्या काचा, काचांची रबरी बीडिंग. त्याने १,१५,००० सांगितले, मी ८६,००० वर आणले. पंधरा हजार टोकन, पस्तीस हजार माल ट्रान्सपोर्टला लागल्यावर, आणि उरलेले छत्तीस हजार माल उघडून बघितल्यावर. ही अट त्याने स्वतःहून घातली. मला वाटलं, ज्याला बुडवायचंय तो छत्तीस हजार मागे कशाला ठेवेल? आता कळतं, ते छत्तीस हजार त्याला कधी नकोच होते. ते फक्त मला दाखवायला होते.

आता ती गोष्ट, जी मला अजून झोपू देत नाही.

त्याने चौदा फोटो पाठवले होते. सातव्या फोटोत हेड गॅस्केटचं पाकीट होतं, पिवळट, कोपरे दुमडलेले. “१९८८ चं पॅकिंग आहे काका, हात लावलेला नाही.” पार्ट नंबर वाचायला मी फोटो मोठा केला. लेबलच्या तळाशी, पत्त्याखाली, बारीक अक्षरांत तीन डब्ल्यू आणि पुढे नाव. वेबसाइटचा पत्ता. १९८८ च्या पाकिटावर. आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

मी ते पाहिलं. नजरेतून निसटलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. मी पाहिलं, थांबलो, त्याला विचारलंसुद्धा. मिनिटभरात उत्तर आलं: “जुनी पाकिटं वाळवीने खाल्ली काका, वडिलांनी नंतर नव्यात भरली.” आणि मी ते मानलं. मी साखर कारखान्याच्या स्टोअरला २९ वर्षं काढली. आलेला माल चलनाशी ताडून बघणं हेच माझं काम होतं. एक नट कमी आला तर मी गाडी गेटवर उभी करायचो. नव्या पाकिटाला १९८८ चं पॅकिंग कसं म्हणतोस, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. कारण मला ते गॅस्केट हवं होतं.

दुसरी खूण बिलावर होती. माल लागल्यावर म्हणाला, राज्याबाहेर जाणारा माल पन्नास हजारांच्या वर आहे, मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल लागेल, बिल पन्नास हजारांचं करतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ९,०००. नियम ऐकायला बरोबर वाटला, आकडेही जुळले. बिलाचा फोटो आला. त्यावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकचा कोड २९. दुकान कर्नाटकात आणि नंबर महाराष्ट्राचा! हे मला माहीत होतं, पण पैसे पाठवताना मी फक्त बेरीज तपासली. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली आणि धंदा कापडाचा. लॉगिन लागत नाही, एक मिनिट लागतो. बिल आलं की पैशाआधी हे करा.

तुम्ही म्हणाल, सांगलीहून कर्नाटक किती लांब, जाऊन का नाही आलात? म्हटलं होतं येतो म्हणून. “या की काका, पण वडील ॲडमिट आहेत, गुरुवारनंतर या. फक्त रविवारी एक पार्टी लॉट बघायला येतेय, मी त्यांना थांबवू शकत नाही.” तुम्ही प्रत्यक्ष जाण्याचा विषय काढलात आणि लगेच दुसरं गिऱ्हाईक उपटलं, तर तिथेच थांबा. मी शनिवारी टोकन टाकलं.

पेटी आली. लाकडी, पट्ट्या मारलेली, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन ९४ किलो. भाडं ‘टू पे’ होतं, म्हणजे माल घेणाऱ्याने द्यायचं, २,६४० रुपये. गोदामातला माणूस म्हणाला, आधी भाडं आणि सही, मग पेटी. उघडून बघतो म्हटलं तर म्हणे, इथे उघडायची नाही. घरी अंगणात मिस्त्रींनी पहारीने फळी उचकटली. वरती भुसा. भुशात गॅस्केटची तीन पाकिटं, तीच फोटोतली. मिस्त्रींचा हात अजून खाली गेला आणि त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड ओढून काढलं. ट्रकचा ब्रेक ड्रम, तडकलेला, गंजाने लाल. त्याखाली दुसरा. त्याखाली फरशीचे तुकडे, एकावर एक नीट रचलेले, हलू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्र कोंबलेलं. एवढं मन लावून कोणी आपल्याला फसवण्यासाठी पेटी भरतो, हे बघून मला भोवळ आल्यासारखं झालं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि फळी परत जागेवर ठेवली.

हिशेब लिहून ठेवतो: १५,००० अधिक ३५,००० अधिक ९,००० अधिक भाडं २,६४०. एकूण ६१,६४०.

इथे मी दुसरी मोठी चूक केली. त्याला फोन केला. त्याने उचलला! “अरे देवा, पेट्या बदलल्या काका, तुमची पेटी इथेच आहे, उद्या लावतो.” दोन दिवस मी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी फोन बंद. कोणी ‘चूक झाली’ म्हणाला तरी त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, सायबर पोर्टलवर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच काही हाती लागतं. मी तक्रार केली तेव्हा शेवटचं पेमेंट होऊन अकरा दिवस झाले होते आणि खात्यात ११२ रुपये होते.

पोलिसांकडे तीन वेळा गेलो. पहिल्या दिवशी, “साहेब बंदोबस्ताला आहेत.” दुसऱ्या दिवशी अर्ज वाचून विचारलं, माल आला का? म्हटलं, भंगार आलं. त्यांनी बिल्टी मागितली आणि बोट ठेवलं. बिल्टीवर मालाचं वर्णन होतं, ‘मोटारीचे जुने सुटे भाग’. “मग बरोबर आहे की, जुनेच आलेत. हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी दावा करा.” ट्रकचा ड्रम फियाटला बसत नाही, फरशी कुठल्याच गाडीला बसत नाही, हे मी उभं राहून सांगत होतो आणि ते दुसऱ्याचा पासपोर्ट तपासत होते. सायबरच्या टेबलावर म्हणाले, वस्तू प्रत्यक्ष आली, म्हणजे हे ऑनलाइन नाही, हद्दीतल्या ठाण्यात जा. हद्दीतलं ठाणं म्हणतं, पैसे मोबाइलवरून गेले, सायबरला जा. एका इमारतीतले दोन मजले, आणि मी जिन्यात! तिथे एकाने तर विचारलं, “एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला?” माझे पैसे कोणी लुटले याचा तपास माझ्या वडिलांच्या गाडीवर येऊन थांबला.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. ते खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं संरक्षण आहे ते खातेदाराने न केलेल्या व्यवहारांना. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाच्या कागदपत्रांवर उघडलं, हे विचारायला मी कोणाच्या दारात जायचं? प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, पोलिसांचं पत्र आणा. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे माल लावणाऱ्याचं नाव विचारलं तर तेही पोलिसांचं पत्र मागतात. पत्र देणारे म्हणतात, दिवाणी दावा करा. आणि ज्याचा पत्ता माहीत नाही त्याच्यावर दावा कुठे करायचा?

शेवटी एका वकिलांनी सांगितलं ते इथे देतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात खबर देता येते, ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. नोंद घेतली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८. मी स्पीड पोस्टाने पाठवलंय, पोचपावती आली आहे.

आणखी एक. लॉट घेऊच नका. बेअरिंग आणि ऑइल सील नंबरावर, मापावर कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतात. क्लच प्लेटला नवी लायनिंग मारून मिळते, व्हील सिलिंडरला स्लीव्ह बसवता येते. जे दुरुस्त होत नाही तेवढंच शोधा: काचा, बीडिंग, डिस्ट्रिब्युटर कॅप. ब्रेकचं रबर तर साठवूच नका, तीस वर्षं पडलेलं रबर पाकिटात कितीही नवं दिसलं तरी कडक झालेलं असतं. मी स्टोअरकीपर, मला हे माहीत होतं, तरी यादीत सिलिंडर बघून मी खूश झालो. पेटी घ्यायची वेळ आलीच तर माल लावण्याआधीच उघडून डिलिव्हरीचं लेखी ठरवून घ्या, बिल्टीवर पार्टची नावं लिहून घ्या, आणि गोदामातच सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींच्या ओळखीतल्या एका फियाटवाल्यांनी त्यांना फोटो पाठवले, माल कसा वाटतो म्हणून. मिस्त्रींनी न बोलता फोन माझ्या हातात दिला. तेच पिवळट पाकीट, दुमडलेला तोच कोपरा. मी लगेच त्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी त्याच सकाळी पंधरा हजार टोकन टाकलं होतं. बोलता बोलता त्यांना फोन ठेवायला लावला आणि १९३० फिरवायला सांगितलं. परवा त्यांचा फोन आला, पंधरा हजार त्या खात्यातच गोठवलेत. माझ्या अर्जावर मात्र तपास अधिकाऱ्याच्या नावाची जागा अजून कोरीच आहे.