पिकअपचं नवं फ्लोअरिंग: व्हिनाइल उत्तम, पण खालचा नमदा आधी काढून टाका

पोळ्याच्या सुमारास आमच्या पिकअपच्या केबिनमध्ये भिजलेल्या गोणपाटासारखा वास सुटला. उन्हाळ्यात टाकलेलं नवं कोरं फ्लोअरिंग, वरून पुसलं की लख्ख, कुठे चीर नाही की फुगवटा नाही. क्लीनर साइडचा (ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूचा) कोपरा उचलला, तर खाली चिकटवलेला नमदा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा कापडी थर, पिळला तरी पाणी गळेल इतका ओला. ती गाडी भर पावसात बाहेर उभी नव्हती, शेडमध्ये होती. ते पाणी आठवडाभरापूर्वीचं असणार, आणि वरचं व्हिनाइल त्याला उडू देत नव्हतं. म्हणून हा अनुभव मुख्यतः नमद्याबद्दलच आहे. फ्लोअरिंग घेताना रंग, जाडी, डिझाइन सगळे बघतात, उलटं करून कोणी बघत नाही.

गाडी २०११ची, निफाड तालुक्यातली. हंगामात द्राक्षाचे क्रेट, एरवी पिंपळगावला टोमॅटो, कधी लासलगावला कांदा. केबिनमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पायाला काळी माती असतेच. जुनं व्हिनाइल ड्रायव्हरच्या टाचेखाली पार झिजून भोक पडलं होतं. बाकीचंही इतकं कडक झालं होतं की दुमडलं की तडकायचं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जो तेलकट पदार्थ मिसळलेला असतो, तो उन्हात वर्षानुवर्षं उडत जातो. डिझेलनं पुसलं तर तो आणखी लवकर निघून जातो. गॅरेजमध्ये केबिन डिझेलच्या फडक्यानं चमकवून देतात, ते बंद करायला सांगा.

कार्पेट टाकायचा सल्लाही मिळाला होता. बागायतदाराच्या गाडीत कार्पेट नको. माती धाग्यांत अडकते आणि ओल महिनाभर जात नाही. व्हिनाइल ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत साफ होतं. यावर माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक रोलमधून कापून दिलेलं सपाट, दुसरं साच्यात गरम करून गाडीच्या तळाच्या आकाराचं बनवलेलं. सपाट स्वस्त पडतं, पण गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर त्याला चुण्या पडतात आणि ती चुणी नेमकी क्लचजवळ येते. पायाला अडकणारी चुणी गाडीत ठेवायची नाही, एवढ्या एका कारणासाठी मी शहरातल्या एका दुकानातून साच्याचं घेतलं. फ्लोअरिंग २,४०० रुपये, बसवायचे ८०० वेगळे सांगितले. ते ८०० मी दिले नाहीत, काम घरीच केलं.

घरी केल्याचा मोठा फायदा म्हणजे खालचा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. दुकानात दोन पोरं सीट काढून, जुनं ओढून, नवं टाकून तासाभरात गाडी बाहेर लावतात. खाली काय आहे ते कोणी दाखवत नाही. सीटचे बोल्ट गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी गोटीपान्यानं हळूहळू सोडवले. जोर लावून बोल्ट तुटला तर खालची चाकी (नट) वेल्ड करायचा खर्च अंगावर येतो. मग दरवाजाच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या, बेल्टचे बोल्ट, गिअरच्या दांड्याचं रबर. जुनं फ्लोअरिंग मात्र अखंड निघेल असं काढा, बोल्टची भोकं नव्यात पाडायला तोच नकाशा असतो.

क्लीनर साइडला पत्रा चाळणी झाला होता, आणि नेमका तिथेच का, हे द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. फवारणीच्या दिवसांत मोरचूदची (कॉपर सल्फेटची) पिशवी तिथेच पायाशी ठेवली जाते. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीवरचं औषध, तयार करताना आपण लोखंडी खिळा बुडवून बघतो; त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मोरचूद लोखंडाला खातो आणि त्या जागी तांबं बसवतो, त्याचीच ती खूण. सांडलेली भुकटी भिजलेल्या नमद्यात मुरली की तीच क्रिया गाडीच्या पत्र्यावर सुरू होते. त्यात युरिया, पोटॅशचे दाणे पडले की मिठासारखी ओल धरून ठेवतात. म्हणजे आमचा जुना पत्रा पावसापेक्षा नमद्यात साठलेल्या खतानं आणि औषधानं जास्त खाल्ला होता. आता मोरचूद मागे हौद्यात, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यातच जातो.

मिस्त्रीनं सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, त्याचे १,५०० गेले. भोकावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारू का, असं त्यानं आधी विचारलं होतं. मी नको म्हटलं. लांबीखाली ओल राहते आणि गंज आत पसरत जातो. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढून घ्या. तळाखालून ब्रेकची आणि डिझेलची नळी जाते, ती कुठून जाते हे मिस्त्रीला समोर उभं राहून दाखवा. बाकीच्या गंजाला तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंजावरचं द्रावण. वाळल्यावर रेड ऑक्साईडचा प्रायमर, वरून रंग. इतकं केल्यावर दोन दिवस गाडी तशीच उघडी ठेवली. घाई केली असती तर रंगाची ओल आतच कोंडली असती.

साच्याचं फ्लोअरिंग घडी घालून येतं आणि घड्या जाता जात नाहीत, ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकली होती. एप्रिलच्या उन्हात तासभर अंगणात पसरलं आणि सगळ्या घड्या गेल्या. हे काम थंडीत काढू नका. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो त्या दिवसांत व्हिनाइल दगडासारखं ताठ होतं, कोपऱ्यात बसत नाही, जोर केला तर पांढरी रेघ पडते. उन्हाळ्यात मात्र हातानं दाबलं तसं बसलं. गिअरबॉक्सचा उंचवटा इतका चपखल आला की धाकट्या भावाला ते गाडीसोबतच आलेलं वाटलं. पहिले दोन महिने जो भेटेल त्याला मी त्या दुकानाचा पत्ता देत होतो.

मग पाऊस सुरू झाला.

वास आल्यावर मी थेट दुकानात गेलो. ओला तुकडा पिशवीत घेऊनच गेलो आणि काउंटरवर ठेवला. विकताना त्यांनी सांगितलं होतं की खालचा थर पाणी धरत नाही. आता म्हणाले, "दादा, नमदा सगळ्यांनाच असतो. पाणी आत येतं तो गाडीचा दोष, आमचा माल चांगला आहे." बदलून मागितलं तर बोल्टची भोकं पाडलेला माल परत घेत नाही म्हणाले. नमद्याशिवाय तेच फ्लोअरिंग मिळेल का, असं विचारलं तर म्हणाले, तसं कोणी मागत नाही. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. पैसे सुटले नाहीत. २,४०० रुपये काही कमी नसतात, आणि विकताना दिलेला शब्द शब्द असतो.

तरी त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा निघाला. घरी येऊन भावाला टॉर्च देऊन केबिनमध्ये बसवलं आणि बाहेरून नळी सोडली, खालून वर, एकेक जागा थांबून थांबून. पाणी दोन ठिकाणांहून येत होतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं कुजून निचऱ्याची वाट बुजली होती, तिथे साचलेलं पाणी आत उतरत होतं. आणि तळाच्या पत्र्यातल्या एका भोकाचं रबरी बूच गायब होतं, त्यामुळे चाकानं उडवलेलं पाणी थेट नमद्याला लागायचं. बूच किरकोळ पैशांत मिळालं. जाळी फुकटात साफ झाली. त्या रात्री नमद्यावरचा माझा राग थोडा उतरला.

थोडाच. कारण पाणी आत यायला ट्रकवजा गाडीत शंभर वाटा असतात, ओल्या चपला असतात, सांडलेली बाटली असते. आलेलं पाणी बाहेर जातं की राहतं, हे खालच्या थरावर ठरतं. नमदा कापडी धाग्यांचा, एका कोपऱ्यातलं पाणी ओढून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पसरवतो. वर व्हिनाइल, खाली पत्रा, मध्ये ओलं कापड. नव्या रंगावर चारच महिन्यांत सीटच्या पायाजवळ तांबूस ठिपके आले होते.

गणपतीच्या दिवसांत सगळं पुन्हा खोललं. उन्हात तापवून लांबीच्या पट्टीनं नमदा खरवडून काढला. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, व्हिनाइल आकसतं. त्याजागी पॉलिथिनचा बंद बुडबुड्यांचा फोम टाकला, पाच मिलिमीटरचा, ३५० रुपयांचा. दुकानात फक्त फोम म्हटलं तर सोफ्याचा देतील आणि तो नमद्यापेक्षा वाईट पाणी पितो. पेलाभर पाण्यात तुकडा दाबून सोडा, पिळल्यावर पाणी निघालं तर घेऊ नका. फोम पत्र्याला चिकटवला नाही, व्हिनाइलही नाही. सीटच्या बोल्टांनी आणि उंबऱ्याच्या पट्ट्यांनी ते घट्ट राहतं, आणि कोपरा केव्हाही उचलून बघता येतो. पेडलखाली फोम कापून जागा सोडली. इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर हातानं पूर्ण दाबून सोडा, कुठेही घासता कामा नये. हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

नमदा काढल्यानं आवाज वाढला, हे सांगायलाच हवं. तो आवाज चांगला गिळायचा. फोमला ते तितकं जमत नाही, चढाला इंजिन जास्त ऐकू येतं. गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर ब्युटाइलच्या चिकटपट्टीचे तुकडे लावल्यावर पत्र्याची थरथर कमी झाली, बोलणं ऐकू येण्याइतपत. पूर्ण तळाला ती पट्टी लावायला फ्लोअरिंगइतकाच खर्च येतो, तो मी केला नाही. रबरी बुचांवर ती कधीच लावू नका.

परतीचा पाऊस झाला, ऑक्टोबर छाटणी झाली, फवारण्यांची धावपळ झाली. कोपरे उचलून बघत असतो, पत्रा कोरडा आहे, वास नाही. नव्या फ्लोअरिंगवरचा ड्रायव्हरच्या टाचेखालचा जाड चौकोन मला विकत घेताना दिखाऊ वाटला होता, पण जुनं जिथे फाटलं तिथेच तो बसलाय आणि आज त्यावर फक्त चकाकी गेलीय, झीज नाही. त्यासाठी दुकानदाराला पूर्ण गुण. चमकवण्याचा स्प्रे मात्र केबिनच्या तळावर मारू देऊ नका. त्यातल्या सिलिकॉननं बूट सरकतो, आणि कसारा घाटाच्या उतारावर ब्रेकवरून पाय सरकणं परवडणारं नाही. साबणाचं पाणी पुरतं.

साच्याचं फ्लोअरिंग मी पुन्हाही हेच घेईन. फक्त पैसे देण्याआधी ते उलटं करायला लावीन, आणि पावतीवर "नमदा नको" असं लिहून घेईन.