देरेख की ओराख?

आयुष्याची वाट म्हणायला हिब्रू बायबलात हे दोन्ही शब्द आहेत. त्यातल्या स्तोत्र 25 मध्ये तर दोन्ही शेजारी: तुझे देरेख मला कळव, तुझे ओराख शिकव. तिथे फरक शोधत बसू नये. कवितेला जोडी हवी होती, एवढंच. बायबलातल्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातही तोच प्रकार. अब्राहामाची बायको सारा हिची पाळी थांबली हे सांगताना ‘ओराख’, आणि याकोबाची बायको राहेल बापासमोर उंटाच्या खोगिरावर बसून, पाळीमुळे उठता येत नाही म्हणते तेव्हा ‘स्त्रियांचा देरेख’. (खोगिरात बापाच्याच चोरलेल्या मूर्ती होत्या, ते सोडा.)

पण एकच निवडायचा तर माझा कौल देरेखला. धातू तुडवण्याचा, म्हणजे पावलांनी मळलेली वाट; त्यावरून माणसाची वागण्याची रीत. स्तोत्र 1 मध्ये नीतिमानांचा एक देरेख, दुष्टांचा दुसरा.

ओराख त्यामानाने कमी दिसतो, बहुतेक काव्यातच. पण स्तोत्र 16 मधला ‘ओराख हायीम’, म्हणजे जीवनाची वाट, पुढे यहुदी धर्मशास्त्रात शिरला. यहुदी धर्मपंडित योसेफ कारोंच्या ‘शुल्हान आरूख’ (व्हेनिस, 1565) या नियमग्रंथाच्या पहिल्या भागाचं हेच नाव. त्यात सकाळी उठण्यापासून प्रार्थना, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस), सणवारापर्यंतचे नियम आहेत.